आधी चाक

कळसाडीच्या गुलाबसिंगाने उभ्या आयुष्यात पोटच्या पोरीवर हात उचलला नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना तो स्वतः सांगत असे. पुढे एक दिवस असा आला की हेच वाक्य त्याला घशाखाली उतरेना. पण ते पुढचं. आधी त्याची दमणी.

दमणी म्हणजे माणसं बसवून न्यायची हलकी बैलगाडी, वर वेताचा गोल माफा आणि दोन्ही बाजूंना पडदे. तशा दमण्या शहाद्याकडे पुष्कळ होत्या, पण आजूबाजूच्या पाच-सात गावांतली नवरी आणायची तर गुलाबसिंगाच्याच दमणीतून. त्याला कारण होतं. बाकीचे दमणीवाले बैलांना जपत, हा चाकांना जपे. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी चाकाभोवती एक फेरी. एकेका आऱ्यावरून हात फिरवायचा, आसाला बोट लावून वंगण पाहायचं, मग चूळ भरायची. बायको तापीबाई म्हणे, या माणसाचं लग्न चाकाशीच लागायचं, भटजीच्या चुकीने मी मध्ये आले.

आणि चाकानंतर कोकिळा. एकुलती एक पोर, नऊ वर्षांची, वाळकासारखी लांबोडकी आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. पहाटे दमणी जुंपली की गुलाबसिंग अंगणातून हाळी देई, "कोकिळे, चाल, बैलं वाट देखी ऱ्हायनात!" की ही अर्धी वेणी हातात धरून धावत यायची. तिची जागा पुढे, बापाच्या डाव्या मांडीला लागून. मुलीच्या जातीला पुढे बसवतो म्हणून भाऊबंद नाकं मुरडत. गुलाबसिंग त्यांना आणखी चिडवायला म्हणे, "मन्ही कोकिळा मन्हाथून चांगली हाकस." कासरा कसा धरावा, उतारावर बैलांना कसं थोपवावं, सगळं त्याने तिला शिकवलं. आणि एक धडा तर रोजचाच: दमणी घसरली तर आरडाओरडा करायचा नाही, खाली उडी मारायची आणि चाकाला दगड लावायचा. आधी चाक, मग बाकीचं. पोरीने हे पक्कं डोक्यात ठेवलं.

वैशाखातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या स्टेशनावरून एका मोठ्या घरची नवरी आणायची होती. नवे पडदे लावून झाले, बैलांची शिंगं रंगवून झाली, पण चाकं खडखड वाजायला लागली होती. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि भोवतीची लोखंडी धाव सैल होते. त्यावर उपाय ठरलेला. नाल्याच्या डोहात गाडी उभी करायची, रातभर लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि सकाळी धाव अशी घट्ट बसते की वाजायचं नाव नाही. "सांजले पाण्यात घालसू," असं दुपारभर पुटपुटत गुलाबसिंग बैलांसाठी कडबा आणायला शेतावर गेला.

कोकिळाने ते ऐकलं होतं. आबा येण्याआधी आपणच काम करून टाकावं, आबा आले की चाकं पाण्यात दिसावीत आणि त्यांनी चारचौघांत आपलं कौतुक करावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने बैल जुंपले. जुंपले ते बरोबर जुंपले. चूक एवढीच केली की बाप नेहमी लांबच्या वाळूच्या उतारावरून जाई, ती जवळच्या, म्हशींच्या वाटेने गेली. तिथला उतार म्हशींच्या खुरांनी खचलेला. दमणी मागून रेटायला लागली, बैलांना आवरेना. पोरीने आरडाओरडा केला नाही. शिकवल्याप्रमाणे खाली उडी मारली आणि उतरत्या चाकापुढे दोन्ही हातांनी दगड लावला. चाक दगडावर चढलं, दमणी कलंडली आणि खालच्या खडकावर जाऊन आदळली. सहा आरे काडीसारखे मोडले. माफा एका अंगाला चेपला गेला.

आवाज ऐकून गुलाबसिंग शेतातून धावत आला. येताना डोक्याचा फेटा कुठे पडला त्याचं त्याला भान नव्हतं. तो आला आणि आधी चाकापाशी बसला. एकेक मोडका आरा हातात घेऊन पाहिला. मग बैलांचे पाय चाचपले. मग माफा. कोकिळा चार हातांवर उभी होती, हात परकराच्या घोळात खुपसलेले. सगळं पाहून झाल्यावर त्याने तिच्याकडे मान वळवली.

"घर जाय," एवढंच म्हणाला.

ती गेली. दुसऱ्या दिवशी नवरी दुसऱ्याच्या दमणीतून आली आणि ती मिरवणूक गुलाबसिंगाच्या दारावरून वाजत गाजत गेली. तो अंगणात मोडक्या चाकाशी बसून होता. राग कुणालाही आला असता, त्याला आला यात नवल नाही. पण त्याचा राग गरम नव्हता, थंड होता. त्याने पोरीला मारलं नाही, शिवी दिली नाही, एक शब्दही बोलला नाही. गाव म्हणालं, वा, बाप असावा तर असा, दुसऱ्याने चामडी लोळवली असती. हे कानावर आलं की गुलाबसिंगाला बरं वाटे. आपण फार मोठं मन दाखवलं असं त्याला खरोखरच वाटत होतं.

तापीबाईला तसं वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दोन धपाटा मारी टाका नि मोकळा व्हा. पण बोला तिन्हासंगे. पोरना हात—"

"तिन्हं नाव मन्हापुढे काढू नको," तो म्हणाला.

तापीबाईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. नाव काढू नको ना, बरं, नाही काढत, म्हणून तिनेही ओठ शिवले ते शिवलेच. त्यात पोरीनेही तिला गळ घातली होती, "आबाले सांगू नको, माय. त्यास्ले चाकनंच दुख गह्यरं शे."

सुताराने आठ दिवसांत चाक नवं करून दिलं. पहाटे पुन्हा दमणी जुंपली. गुलाबसिंगाने अंगणातून हाळी दिली नाही. पोर आपण होऊन येईल, चुकलं म्हणेल, मग बसवू, असा त्याचा हिशेब. दाराआड कोकिळा वेणी घालून तयार उभी होती. आबा हाक मारतील, मग जाऊ, असा तिचा. दमणी निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं आणि मग ती रीतच पडली. पोर कमी बोलू लागली. तापीबाईला माणसं म्हणत, शहाणी झाली हो तुमची कोकिळा.

त्या दिवसांत तिच्या उजव्या हाताला हळदीने पिवळी झालेली चिंधी होती. गुलाबसिंगाला ती दिसली होती. हे पुढे तो स्वतःपासूनही लपवू शकला नाही. पाण्याची कळशी ठेवताना, भाकरी वाढताना, दोन-तीनदा त्याला दिसली. विळा लागला असेल, सांगेल तर विचारू, असं मनाशी म्हणून त्याने मान फिरवली होती.

सहा वर्षांनी तिचं लग्न निघालं. धानोऱ्याच्या शाळेतला तरुण मास्तर, घर चांगलं. मांडवात कन्यादानाला गुलाबसिंग बसला. भटजीने सांगितल्याप्रमाणे त्याने पोरीचा उजवा हात आपल्या हातावर घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा. भटजी वरून पाण्याची धार सोडत होते आणि त्याच्या तळहाताला काहीतरी टोचलं. त्याने अंगठ्याने चाचपून पाहिलं. तिचं मधलं बोट शेवटच्या पेरात वाकलेलं होतं, नख अर्धं होतं, आणि ते सरळ करू गेलं तरी होत नव्हतं. ज्याला अंधारात नुसत्या हाताने आऱ्याची चीर कळायची, त्या माणसाला पोरीचं बोट आज कळलं.

"हाई बोट कसं व्हयनं?" त्याने शेजारी बसलेल्या तापीबाईला हळूच विचारलं.

"आज देखायनं का तुम्हले?" ती समोर पाहत म्हणाली. "सहा वरीस व्हई गयात. चाकले दगड लावाले गयी व्हती."

मंत्र चालू होते. भटजीने दोनदा खुणावलं तरी गुलाबसिंग हात सोडेना. माणसांना वाटलं, बापाचं काळीज आहे, भरून आलं. कुणीतरी डोळेही पुसले.

पाठवणीला त्याचीच दमणी. उभ्या मुलखाच्या नवऱ्या जिच्यातून गेल्या तिच्यातून आपली पोरही जावी आणि आपणच हाकावी, असा त्याने हट्ट धरला होता. कोकिळा मागच्या बाजूने चढून पडद्याआड बसली. त्याने कासरा हातात घेतला, डावीकडची जागा हाताने झाडली आणि मागे वळून म्हणाला, "पुढे बठस का, बेटा?"

"लोके काय म्हणतीन, आबा?" पडद्याआडून आवाज आला. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही बोलता आलं असतं. नवरी पुढे बसत नसते, हे त्यालाही कळत होतं. नऊ वर्षांची पोर बसली असती, पण तिला त्याने बोलावलं नव्हतं. डावीकडची जागा रिकामी ठेवूनच त्याने धानोऱ्यापर्यंत दमणी हाकली.

त्यानंतर चौदा वर्षं गेली. तापीबाई गेली, बैल गेले, शहाद्याच्या रस्त्यावर मोटारी पळू लागल्या आणि दमणी गोठ्यामागे उभी राहिली. गुलाबसिंग वर्षातून एकदा, जोंधळ्याच्या सुगीनंतर, लेकीकडे चार दिवस राही. या चौदा वर्षांत त्याने मनातल्या मनात तो नाल्याकाठचा दिवस शंभर वेळा जगून पाहिला होता. दर वेळी तो शेतातून धावत येई, मोडक्या चाकाला ओलांडून जाई आणि पोरीचे हात परकरातून बाहेर काढी. इतक्यांदा केलं होतं की कधी कधी त्याला वाटे, खरोखर तसंच झालं असेल.

यंदा गेला तेव्हा जावयाने नवी सायकल घेतली होती. ओट्याला टेकून उभी असायची, आणि मास्तर शाळेतून आले की धोतराच्या सोग्याने तिची तार न् तार पुसायचे. कोकिळाची धाकटी, सात वर्षांची मोती, दिवसभर तिच्याभोवती घुटमळायची. एका दुपारी गुलाबसिंग ओट्यावर सुपारी कातरत बसला होता, कोकिळा चुलीशी होती, आणि मोतीने सायकल हळूच अंगणात उतरवली. दोन पावलं चालवली असेल नसेल, सायकल तिच्या अंगावरून दगडी पाट्यावर धाडकन पडली. दिव्याची काच फुटली.

गुलाबसिंग ओट्यावरून उडी मारून उतरला. गुडघे धरलेला म्हातारा, पण कसा उतरला ते त्यालाही कळलं नाही. त्याच्या शेजारून वाऱ्यासारखी कोकिळा गेली. पिठाच्या हातांनी तिने मोतीला जवळ ओढलं. "कोठे लागनं? दाखाड. बोटं हालाव. हाई बी. आते हाई." दहाही बोटं तिने एकेक करून हलवून पाहिली. पोर रडत होती, "मायवं, बापूनी सायकल..." आणि कोकिळा म्हणत होती, "सायकल ऱ्हाऊ दे. बोटं हालाव."

मग तिने मान वर केली आणि बापाकडे पाहिलं.

"चाक चांगलं शे ना, आबा?" तिने विचारलं. साधंच विचारलं, नवरा आला की तो विचारणार म्हणून.

तेव्हा गुलाबसिंगाने खाली पाहिलं. तो सायकलीपाशी बसला होता. पुढचं चाक त्याने वर उचललेलं होतं, आणि वाकलंय का ते पाहायला तो ते हाताने फिरवत होता.

त्याने चाक थांबवलं. सायकल खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात देत उठून लेकीसमोर येऊन बसला.

"हात दाखाड," तो म्हणाला.

कोकिळाने मोतीचा हात पुढे केला. "काही नही व्हयनं तिले. हाई देखा."

"तिन्हा नही. तुन्हा."

आपल्या पिठाने भरलेल्या हाताकडे तिने पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मन्हा काय देखतस आते, आबा," ती म्हणाली आणि हात पदराला पुसत उठली. "तवावर भाकर जळी ऱ्हायनी."

ती आत गेली. मोतीने डोळे पुसले आणि आपला हात आजोबाच्या मांडीवर ठेवला. गुलाबसिंग तिची बोटं मोजत बराच वेळ अंगणातच बसून राहिला.