केरातला तांबडा रंग

आमच्या मोव्हेर्नेच्या मठातले साधू कधीच गेले, पण त्यांचं चर्च उभं आहे. नऊशे वर्षांपूर्वीची चित्रं त्याच्या भिंतींवर अजून आहेत. आत येणारा प्रत्येक जण मान वर करतो. रेमोंद तेक्सरो मात्र चाळीस वर्षं मान खाली घालून बघत होती. ती तिथे झाडायची, आणि भिंतीची तब्येत तिला फरशीवरून कळायची. एवढी साधी गोष्ट मला समजायला तीन हिवाळे लागले. तोंडाने कबूल करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहून टाकतो.

रेमोंदबाई चौदाव्या वर्षी आईच्या मागे बादली घेऊन चर्चमध्ये शिरली. आईचे गुडघे गेले तेव्हा झाडू हिच्या हातात आला तो राहिलाच. बाकी फरशीवर ती ओला भुसा टाकून झाडायची. उत्तरेच्या भिंतीखाली मात्र झाडू नाही, पाणी नाही. तिथे हंसाचा वाळवलेला पंख. पंखाने केर अलगद सुपलीत घ्यायचा, खिडकीपाशी न्यायचा, चिमूटभर बोटांत चोळून बघायचा. मग तो मोहरीच्या रिकाम्या बरणीत, वर तारखेची चिठ्ठी. पोरं तिला वेडी म्हणायची. मोठी माणसंही म्हणायची, फक्त तिची पाठ वळल्यावर.

त्या उत्तरेच्या भिंतीवर बायबलातला मेंढपाळ हाबेल आहे. अंगात तांबडा झगा, हातांत देवाला वाहायचं कोकरू. रेमोंदबाईचा नवरा मार्सेलँ शेळ्या पाळायचा आणि त्यांच्या दुधाचं चीज करायचा. लग्नाआधी एकदा या भिंतीखाली उभा राहून तो तिला म्हणाला, हे कोकरू कसलं, कान बघ, हे तर आपल्याकडचं करडू. चितारी इथलाच कुणीतरी असणार. पाद्रीबुवा ऐकून लाल झाले. मार्सेलँ शब्द मागे घेणारा नव्हता. तेव्हापासून गावात त्या चित्राला ‘मार्सेलँची शेळी’ हेच नाव पडलं. प्रार्थनेला तो ईस्टरशिवाय फिरकला नाही, पण दारावरून जाताना आत डोकावून शेळीला टोपी काढायचा.

आता माझं थोडं सांगायला हवं. मी रेजिस. कौलांच्या कारखान्यात वीस वर्षं युनियन चालवली. शाळा बाराव्या वर्षी सुटली. वाचायला खरा शिकलो तो पत्रकं वाटता वाटता. गावची बस बंद होणार होती ती थांबवली, पोस्ट हलणार होतं ते हलू दिलं नाही. देवाशी माझं काही देणंघेणं नाही. पण एका जानेवारीत म्हातारी इरेन रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला थंडीने भोवळ येऊन पडली आणि माझं डोकं फिरलं. दगडाच्या त्या गुहेत म्हाताऱ्यांनी कुडकुडायचं कशासाठी? दारोदार फिरून दोनशे बारा सह्या आणल्या. मेयरला गॅसचे दोन हीटर घ्यावेच लागले. सिलिंडरची चावी माझ्याकडे राहिली. म्हाताऱ्या मला आशीर्वाद देऊ लागल्या, मला, नास्तिकाला. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

पहिला हिवाळा सरल्यावर रेमोंदबाईने मला पाद्रीबुवांच्या कपड्यांच्या खोलीत बोलावलं. खिडकीच्या कट्ट्यावर बरण्यांची रांग. उन्हाळ्यातल्या बरणीत राखाडी धूळ. मग तिने फेब्रुवारीची उचलली. आत बोटभर तांबडा थर.

“हा हाबेलचा झगा,” ती म्हणाली.

मी म्हटलं, रंग जुना झाला की पडणारच. तिने विचारलं, हीटरपासून भिंतीकडे गेलास की तुझ्या चष्म्यावर काय येतं? गॅस जळताना वाफ सोडतो, ती गार भिंतीवर बसते, भिंत ओली होते, वाळते, परत ओली होते, आणि दर वाळण्याला थोडा रंग सोडते. शाळेत मास्तर सांगतात तसं नाही, भांडी घासता घासता सांगावं तसं सांगितलं. मला झोंबलं. मी म्हणालो, म्हणजे म्हाताऱ्या मेल्या तरी चालतील, चित्रं जगली पाहिजेत.

“म्हाताऱ्यांकडे कोट आहेत, रेजिस. याच्याकडे एवढा एकच झगा आहे.”

त्यावर मी भाषण ठोकलं. तिने ते संपू दिलं, मग बरण्यांची झाकणं एकेक करून लावली. पुढच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा मी उठून म्हणालो, दोनशे बारा माणसांवर एका झाडूचं राज्य चालायचं नाही. सगळे हसले. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. हीटर चालू राहिले.

दुसऱ्या वर्षी वास्तू खात्याचा साहेब आला. दुर्बिणीतून छत बघितलं, भिंती बघितल्या, स्थिती उत्तम म्हणाला. रेमोंदबाई फेब्रुवारीची बरणी घेऊन पुढे झाली. त्याने बरणीकडे बघितलंही नाही. फोटोत बादली येतेय, जरा सरकवता का, एवढंच म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम करणाऱ्या बाईशी असं बोलणाऱ्या साहेबांशी मी जन्मभर भांडत आलो. तोंड उघडणार तेवढ्यात ग्रामसभेतलं ते हसू कानात वाजलं. साहेबाने बादली सरकवायला लावली होती. मी तर बाईलाच सरकवलं होतं. तोंड मिटलं. पण चावी परत केली नाही. गर्व असा एका दिवसात उतरत नाही.

तिसऱ्या जानेवारीत मार्सेलँ गेला. शेळ्यांना चारा टाकून आत आला, खुर्चीत बसला, उठलाच नाही. बाहेर उणे नऊ. मेयरने मला निरोप धाडला, अंत्यविधीला आसपासच्या वाड्यांवरून माणसं येतील, पहाटेपासून दोन्ही हीटर पेटव. आदल्या दुपारी मी सिलिंडर तपासायला गेलो तर रेमोंदबाई उत्तरेच्या भिंतीखाली पंख फिरवत होती.

“उद्या नको पेटवूस,” ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी म्हणालो, बाई, तुमचीच बहीण ब्याऐंशी वर्षांची आहे. इरेन येणार. निम्मी म्हाताऱ्यांची फौज येणार. त्यांनी गारठायचं का?

तिने पंख खाली ठेवला. म्हणाली, शवपेटी या भिंतीखालीच ठेवणार आहेत. “आयुष्यभर त्या शेळीला टोपी काढली त्याने. त्याच्या निरोपाला तिची कातडी सोलून निघायला नको.” मग जरा थांबून म्हणाली, “पण म्हातारी माणसं गारठलेलीही त्याला आवडायची नाहीत. माझं डोकं चालत नाहीये आज. तूच बघ काहीतरी.”

तीन हिवाळ्यांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मला येतं काय? दारोदार फिरणं. तेवढंच येतं.

बाहेर पडलो आणि पहिल्याच घराचं दार ठोठावलं. आमच्याकडे अजून घराघरात अंथरूण उबदार करायची वीट असते. दिवसभर चुलीत ठेवायची, रात्री कागदात गुंडाळून पायाशी घ्यायची. मी म्हटलं, उद्या सकाळी वीट तापवा आणि घेऊन या. ज्या दारांवर हीटरसाठी सह्या घेतल्या त्याच दारांवर. इरेनने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, तीन वर्षांपूर्वी म्हणालास विटा म्हणजे मागासलेपणा, आता विटाच आण म्हणतोस; निवडणुकीला उभा राहतोयस की काय? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. अशी पंचावन्न घरं.

दुसऱ्या दिवशी गाव आलं ते काखेत वीट घेऊन. जुनी वर्तमानपत्रं, लोकरी मोजे, एकीने तर नवऱ्याच्या स्वेटरची बाही गुंडाळलेली. विटा पायाखाली गेल्या, मांडीवर गेल्या, हातोहात फिरल्या. ज्याची गार झाली त्याच्याकडे शेजारचा आपली सरकवायचा. मिस्साला इतके खेटून बसलेले लोक मी त्या चर्चमध्ये कधी बघितले नव्हते. पाद्रीबुवांच्या तोंडातून वाफ निघत होती. मार्सेलँ भिंतीखाली होता, हाबेल करडू धरून वर. हीटर कोपऱ्यात गार पडलेले.

दफन झालं. सगळे जेवायला गेले. विटा गोळा करायला मी परत आलो तर रेमोंदबाई काळ्या कपड्यांतच गुडघ्यांवर बसून पंख फिरवत होती. मी सुपलीत बघितलं. तांबडं. चांगलं मूठभर.

म्हणजे वाफ माणसांच्या श्वासाचीही होतेच. तीनशे माणसं. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने सुपली कपड्यांच्या खोलीत बरण्यांच्या खिडकीपाशी नेली, चिमूट घेतली, चोळली. परत चोळली. मग माझा हात ओढून तिने ती चिमूट माझ्या बोटांत ठेवली.

“चोळ.”

चोळली. वाळूसारखी करकरली. तिने फेब्रुवारीची बरणी उघडून दुसरी चिमूट दिली. ती पिठासारखी मऊ, बोटाला चिकटून बसणारी.

“वीट आहे,” ती म्हणाली, आणि तिथेच बाकावर बसून रडली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

मी काय करणार? उभा राहिलो. नंतर जुडग्यातली सिलिंडरची चावी काढून बरण्यांच्या शेजारी ठेवली. तिने डोळे पुसले, केर नव्या बरणीत भरला, तारीख लिहिली, आणि एरवी कधी लिहीत नसे ते खाली लिहिलं: वीट. मग म्हणाली, नुसता उभा राहू नकोस, ती बादली आण इकडे.

मी आणली.