मनगटावरचा निकाल

अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या त्या बारमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो निव्वळ कंटाळून. बायको बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती आणि शनिवारी दुपारी घर खायला उठायचं. ऑफिसातला एकजण म्हणाला, आमच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी तिथे जमून कॉलेजच्या टीमचा फुटबॉल बघतात, चल. अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून चार पावलं धावायचं आणि मग मीटिंग घ्यायची, असं माझं मत होतं. पण तिथले फ्राइज चांगले होते आणि माणसं त्याहून चांगली. मी दर शनिवारी जायला लागलो.

माझी खुर्ची एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याच्या टेबलाशी ठरून गेली. मनात मी त्यांना काका-काकू म्हणायचो. तोंडावर नावाने हाक मारावी लागे आणि ते जिभेला जड जाई. काका तरुणपणी त्या कॉलेजात शिकलेले. त्या मोसमात त्यांची केमो चालू होती. शेजारच्या राज्यातल्या टीमला आपण हरवलेलं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ‘तेवढं एकदा बघू दे,’ असं ते हसत म्हणायचे. काकू हसायच्या नाहीत.

माझं काम व्हिडिओ स्ट्रीमिंगचं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा पाजळला होता, की या बारमधलं चित्र खऱ्या मॅचच्या मागे असतं, माझ्या घड्याळावर स्कोअर आधी येतो. काका म्हणाले, ‘मग तो तुझ्याजवळच ठेव. आमची मॅच इथे चालू आहे.’ घड्याळाचे अलर्ट बंद करायचे असं मी ठरवलं आणि केले नाहीत. त्याने दुसऱ्याची मजा जाते हे कळत नव्हतं म्हणायचीही सोय नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत ज्याचा टीव्ही पुढे असायचा तो सिक्सरला आधी ओरडला, की आम्हीच त्याला बाल्कनीतून शिव्या घालायचो.

त्या शनिवारी समोर नेमकी तीच टीम होती आणि मॅच शेवटच्या किकवर आली. बॉल दोन पिवळ्या खांबांमधून गेला तर आपण जिंकलो, नाही तर हरलो. अशा वेळी त्या लोकांची रीत म्हणजे सगळ्यांनी उठून शेजारच्याचा हात धरायचा आणि अजिबात बोलायचं नाही. काकांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती. काकू तेवढ्या समोर उभं राहून फोनवर काकांचा व्हिडिओ घेत होत्या. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

पडद्यावर किक मारणारा अजून पावलं मोजत होता. माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि उजळलं. काकांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. आपण जिंकलो होतो.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दुसरा हात शेजाऱ्याच्या हातातून सोडवून माझ्या घड्याळावर ठेवला, बाकी कुणाला ते दिसू नये म्हणून, आणि मान वर करून पडद्याकडे बघत राहिले. बॉल खांबांमधून गेला. सगळा बार ओरडला, काकाही ओरडले. फार छान ओरडले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण मी त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि वर तो झाकायचं कामही त्यांच्यावरच टाकलं होतं. लाजेने मला साधं सॉरी म्हणता आलं नाही. पार्किंगमध्ये त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘काय मॅच झाली ना!’

संध्याकाळी काकूंनी तो व्हिडिओ पाठवला. त्यात काका खाली बघतात. क्षणभर चेहऱ्यावर काहीच नसतं. मग ते माझा हात दोन्ही हातांनी धरतात. घड्याळ कुठेच दिसत नाही. व्हिडिओखाली काकूंनी लिहिलं होतं, ‘बिचाऱ्याला वर बघायचा धीर होत नव्हता. तू त्याचा हात धरून राहिलास, थँक यू.’

मी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला.