परब बाईंचे तीन तास

परब बाई भेटल्या की आधी माझ्या पायाकडे बघत. चेहऱ्याकडे नंतर. मासळीबाजारात, एसटी स्टँडवर, कुणाच्या लग्नात, कुठेही. उजवा पाय टेकताना मी किती झुकते ते बघून झालं की मगच विचारत, "बरां मा गो?" मी "बरां" म्हणायचे. पुढे पुढे तर त्या लांबून येताना दिसल्या की मी चालायची थांबून एखाद्या दुकानाशी उभी राहायचे. उभी असले की माझं लंगडणं कळत नाही. त्या निघून गेल्या की मग चालू लागायचे. आपला पाय यांना छळतोय, असं मनात घेऊन मी मालवणात वीस-बावीस वर्षं काढली.

बाई आमच्या शाळेत पी.टी. शिकवत. राहायला तारकर्लीला. उंच, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला बोलल्या तरी त्या टोकाची मुलगी दचकायची. शाळा सुटल्यावर मुलींनीही धावायचं असतं, हे आमच्याकडे पहिल्यांदा त्यांनी रुजवलं. पाय आपटत धावणाऱ्या मुलीला म्हणत, "जमीन काय तुजी दुश्मन आसा? हळू ठेव गो पाय." धापा टाकत तोंड वाकडं केलं की, "सरळ बघ. हंय तुजो फोटो काढूक कोण येवक नाय."

शाळा संपून मी कॉलेजात गेले, तरी धावायला बाईंकडेच जायचे. मी पूर्ण मॅरेथॉन पळावी, ही इच्छा त्यांची, आणि त्यांनी बोलून दाखवल्यावर माझीही. बेचाळीस किलोमीटरची तयारी कशी करतात हे विचारायला आमच्या आसपास कोणी नव्हतं. बाईंनी स्वतःच ठरवलं. "जां करूचा आसा, तां आधी करून बघूक व्हया." म्हणजे दर रविवारी पूर्ण अंतर. कसालच्या रस्त्याला ते चढउतार, पुढे मी आणि मागे लुनावर मीठ घातलेल्या कोकमाच्या पाण्याची बाटली घेऊन बाई.

काही रविवारांनंतर माझ्या जांघेत दुखायला लागलं. मी सांगितलं. "सुरवातीक दुखताच. अंग तापला काय जाताला," बाई म्हणाल्या. आधी खरंच थांबायचं. मग थांबेना. एका रविवारी चढावर माझा उजवा पाय खाली टेकला आणि अंगाखालून निघूनच गेला. खुब्याच्या हाडाला रोजच्या माराने तडा गेला होता, तो त्या चढावर पुरता फुटला. गोव्याला ऑपरेशन झालं. हाडात स्क्रू बसले, पाय थोडा आखूड राहिला.

बाई इस्पितळात माझ्या खोलीबाहेर जमिनीवर बसून असत. बाबा त्यांना म्हणाले, "बाई, घराक जावा. नशिबात होता तां झाला." त्या उठल्या नाहीत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत लेझीम शिकवली, कवायत घेतली, पण कुणालाही लांब पळवलं नाही. माझ्या लग्नात मात्र घरच्यासारख्या राबल्या. दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी यायची. मला ते आंबे गोड लागत नसत, आणि परत पाठवण्याचं धाडसही होत नसे.

सध्या आमच्याकडे धावणाऱ्यांचं पीक आलंय. रंगीत बूट घालून लोक सकाळी किनाऱ्यावर दिसतात. त्यातली सायली माझ्या औषधाच्या दुकानात यायची. साताऱ्याहून लग्न होऊन आलेली, दातांची डॉक्टर. एकदा दुखण्यावरचा स्प्रे घेताना म्हणाली, "पहिली मॅरेथॉन आहे हो. आधी एक-दोनदा पूर्ण बेचाळीस करून बघणार. म्हणजे भीती जाईल."

माझ्या हातातला स्प्रे मी तिला दिलाच नाही. दुकान बंद करून थेट तारकर्लीला बाईंकडे गेले.

"बाई, तुमी तिका थांबवा."

"मी? माज्या तोंडात तां शोभता?"

"तुमच्याच तोंडात शोभता."

बाईंनी माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घेवन ये त्या चेडवाक."

मी सायलीला घेऊन गेले, तेव्हा मला कळलं की या बाईने एवढ्या वर्षांत काय केलं होतं. माझ्या डॉक्टरांपासून सुरुवात करून भेटेल त्या प्रशिक्षकाला तिने एकच गोष्ट विचारली होती, की सरावाला किती पळवायचं. सायलीला त्यांनी अंगणात बसवलं. "तीन तास. फार तर साडेतीन. मगे तू खंय पोचलंस तां बघू नको."

"पण बाई, सगळे बत्तीस किलोमीटर तरी करतात."

"जोरात पळणारे तां तीन तासात करतत. तू तितक्याक चारच्या वर लावतलंस. हाडाक किलोमीटर कळनत नाय गो, तेका तास कळतत. आठवड्यात एकदाच लांब पळ, आणि मधी एखादो आठवडो तां पण कमी कर. उरलेला अंतर शर्यतीच्या दिवसाक ठेव. थंय लोक आसतत, ताळ्यो वाजयतत, पाय जातत."

सायलीला पटलं, पण अर्धंच. तिच्या सगळ्यात लांब सरावाच्या दिवशी मी स्कूटीवर आणि बाई माझ्या मागे, असे आम्ही तिच्या बाजूने चाललो होतो. देवबागहून परतताना वेळ भरली. बाईंनी हाक मारली, "पुरो. थांब आता."

"बाई, थोडंच राहिलंय! मला काही होत नाहीये!" सायली पळतच राहिली.

मी स्कूटी थांबवायच्या आत बाई उतरल्या आणि धावल्या. सत्तरीची बाई, साडी सावरत. त्यांनी सायलीचा दंड धरला आणि तिला रस्त्याच्या कडेला खेचलं. श्वास पुरत नव्हता तरी माझ्याकडे बोट दाखवत ओरडल्या, "ह्याचो पाय मी मोडलंय! मी! ह्या पण असाच पळत होता!"

सायली भेदरून माझ्याकडे बघायला लागली. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, तेव्हा कोणाक म्हायत होता?"

"म्हायत करूक कित्याक व्हया?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुका दुखत होता तां तुज्या तोंडार दिसत होता. त्या दिवशी चढ लागूच्या आधीच, पाणी देताना माका दिसला. माका वाटला, आता थांबलंस तर सगळी मेहनत फुकट. म्हणान मी गप रवलंय."

त्या दिवशी सायली तिथेच थांबली. बाईंना घरी सोडलं आणि पुन्हा गेले नाही. दुकानाचं कारण सांगत राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्या अजाणपणाला माफ करत आले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. रात्री कूस बदलताना पाय दुखला की मला त्यांचा संताप यायचा, आणि म्हातारीवर कसली रागावतेस, म्हणून लगेच स्वतःची लाज वाटायची.

सायलीने शर्यत पूर्ण केली. शेवटचा टप्पा थोडा चालत, थोडा पळत. तिने फोन केला तेव्हा बाईंनी वेळ विचारली नाही. "जिने उतरूक जमतत काय?" एवढंच विचारलं. जमतात म्हटल्यावर फोन ठेवून दिला म्हणे.

पावसाळ्याआधी बाईंच्या हृदयाचं दुखणं बळावलं. सायलीनेच मला सांगितलं, "ताई, जाऊन या." मी गेले. त्या खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या, खूप बारीक झाल्या होत्या. त्यांची सून पेज ठेवून आत गेली. दुखण्याची चौकशी करायची असं ठरवून गेले होते. तोंडातून भलतंच आलं.

"बाई, माका तुमचो राग इलोहा. खूप."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता यांना काही झालं तर ते माझ्यामुळे. मी पाणी द्यायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस. बरां झाला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सां तू माज्यावांगडा गोड बोलत रवलंस. तुज्या बापाशीन पण कधी शिवी देवक नाय. मी वाट बघी, कोणतरी बोलतला. आता बोल. सगळा बोल."

मग मी बोलले. जांघेतली ती कळ कशी होती, चढावर काय वाटलं, लग्नाला नकार देणारे पाहुणे माझ्या पायाकडे कसे बघायचे, सगळं. बोलताना रडले, आवाजही चढला. सून दारापर्यंत येऊन परत गेली. बाईंनी मध्ये एकदाही "चुकलंय" म्हटलं नाही की डोळे पुसले नाहीत. वर्गात कान देऊन ऐकणाऱ्या मुलीसारख्या त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी पेजेचा वाडगा मागितला आणि तो सगळा संपवला.

थोड्याच दिवसांत बाई गेल्या. तिरडी उचलताना त्यांची सून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमी येवन गेलात, त्या रात्री आई गाढ झोपली. किती वर्सांनी." तिने ते आभार मानण्यासाठी सांगितलं. मी मान हलवली, पण तिच्या नजरेला नजर देता आली नाही. एका संध्याकाळी रागावण्याएवढंच ते काम होतं. चांगुलपणापायी मी ते वीस वर्षं टाळलं होतं.