नियमकाका आणि एक जानेवारीची माणसं

अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावात चिटपाखरू नसलेल्या चौकातसुद्धा स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवून, मनात तीन आकडे मोजूनच पुढे जाणारा माणूस मी एकच पाहिला. मागून कोणी हॉर्न वाजवलाच, तर काका चौथा आकडाही मोजायचे. म्हणून ते आमचे नियमकाका. मला ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं, त्यामुळे माझ्या शेजारी बसणारे आजही वैतागतात.

निवृत्तीपूर्वी काका एका आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे युद्धातून उठलेल्या देशांत मतदारयाद्या करायला जायचे. म्हणायचे, "असा देश म्हणजे बाळंतीण गं. सल्ले द्यायला सगळे येतात, शेक द्यायला कोणी थांबत नाही."

योगायोगाने माझ्या कंपनीकडे तशाच एका देशाच्या मतदारयादीचं काम आलं. यादी आंतरराष्ट्रीय निकषांत बसवायची होती. एका रविवारी मी काकांना ऐटीत सांगितलं, "काका, डेटा क्लीन केला. हजारो लोकांची बर्थडेट एक जानेवारी! सरळ फ्रॉड. सगळे रिजेक्ट केले."

काकांनी थालीपीठाचा घास ताटात ठेवला. "माझी जन्मतारीख?"

"एक जून."

"ती मास्तरांनी लावली, शाळेत नाव घालताना. आई म्हणायची, दिवाळीआधी शेंगा काढायच्या वेळी झालास. आमचा अर्धा वर्ग एक जूनचा. टाक मलाही फ्रॉडमध्ये."

मी नागपूरची. माझ्या आजोबांचीही जन्मतारीख एक जून. तरी ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, याची मला मनापासून लाज वाटली. त्या देशातही युद्धात लोकांचे कागद जळाले होते. लोकांना फक्त वर्ष आठवत होतं, म्हणून नोंदणीवाल्यांनी सरसकट एक जानेवारी लावली होती.

"मग निकष सोडून द्यायचे?" मी चिडून विचारलं.

"मुळीच नाही. निकष नसते तर यादी बंदूकवाल्यांनी केली असती. पण पहिला निकष वाच. प्रत्येक प्रौढाला मत. तुझी तपासणी त्याच्यानंतर येते."

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी तेच वाक्य मांडलं. मॅनेजर म्हणाला, "डेडलाइन जाईल यार." मी म्हटलं, जाऊ दे. मी हटले नाही. शेवटी ठरलं, की एकही नाव गाळायचं नाही. प्रत्येकाच्या आईचं नाव आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष घेऊन गावातच खात्री करायची.

यादी जाहीर झाली तेव्हा काका हॉस्पिटलमध्ये होते. मी लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी चष्मा मागितला आणि ती अनोळखी नावं सावकाश वाचत राहिले. एका बाईच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. "हिला आता तिच्याच देशात कोणी परकी म्हणू शकत नाही," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात काका गेले. मतदान झालं तेव्हा ती बाई आली की नाही, मला माहीत नाही. तिचं नाव यादीत होतं.