मनकर्णाबाईची पात

मनकर्णाबाई वलगावची माळीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा सासरचे म्हणाले वांगी तोड, माहेरचे म्हणाले फुलं गुंफ. हिने दोघांचंही ऐकलं नाही; सरळ अमरावतीला जाऊन नर्सचं काम शिकली. हट्टी म्हणजे किती? सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी. रोग्याच्या उशाशी बसली की मात्र हीच बाई लोण्यासारखी मऊ व्हायची.

सन एकोणीसशे अठराच्या आश्विनात मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. लोकांना सवय प्लेगची. त्यांनी आधी घराघरांत मेलेले उंदीर शोधले, एकही सापडेना म्हणून निर्धास्त झाले, आणि आठवड्यात घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. अमरावतीच्या एका शाळेत तात्पुरता दवाखाना उघडला. बायकांच्या खोलीत चाळीस जणी आणि नर्स दोन. पाचव्या दिवशी दुसरी नर्सही तापाने पडली. अकोल्याहून कुणी मिळतं का पाहिलं, तर तिथेही तीच गत.

उरली मनकर्णा. एकदा दुपारी भिंतीला टेकून तिचा डोळा लागला, आणि तेवढ्यात एक लेकुरवाळी गेली. झालं! आपला डोळा मिटला की कुणीतरी जातं, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. डॉक्टर गोपाळकृष्ण रोज सांगायचे, "बाई, जरा पडा." ती "हो" म्हणायची आणि ओल्या पट्ट्या बदलायला जायची. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, ही म्हण तिने जरा जास्तच मनावर घेतली होती.

तेराव्या दिवशी सकाळी ती पार्बताबाई नावाच्या रोगिणीला औषध पाजायला वाकली, तोच शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"मनकर्णे, तिले आत्ताच पाजलं ना तू! पुन्हा काहून पाजून राहिली?"

ही माणिकबाई. वलगावचीच, बाजारात भाजी विकणारी, तापातून नुकती उठलेली. मनकर्णाने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. पाजल्याचं तिला काही केल्या आठवेना. माणिकबाईने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"तुह्याच अंगात ताप हाय. झोप, नाहीतर मरशीन."

"अन् ह्या चाळीस जणी, मावशी?"

"निंदताना एखादीची पात मांगं पडली, तर आपन काय करतो? बांधावर बसून पायतो?"

प्रत्येक बाईने गवत निंदायला एकेक ओळ धरायची, ती तिची पात. आणि एखादी मागे राहिली की शेजारणींनी हात लावून तिला बरोबरीला आणायचं. हे ती लहानपणापासून करत आली होती. पण दुसऱ्याची पात उचलणं वेगळं आणि आपली उचलू देणं वेगळं. तिने दारातल्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, रोग्यांनी काम करणं नियमात बसते का?"

"तुम्ही मरणंही नियमात बसत नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध मी पाजतो. तुम्ही झोपा."

बऱ्या झालेल्या सहा बायका उठल्या. एकीने पाणी घेतलं, दुसरीने पेज, तिसरीने पट्ट्या. माणिकबाई अर्थात मुकादम. मनकर्णा माणिकबाईच्याच खाटेवर आडवी झाली.

ती उठली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोंडातून पहिला शब्द निघाला तो, "किती गेल्या?"

माणिकबाई खाटेच्या कडेला बसली. "दोघी. पार्बताबाई अन् ती पातूर गावची."

"मले उठवलं काहून नाही?"

"उठवून काय केलं असतं तू? डॉक्टर होते. आमी जवळ बसून होतो, दोघींचेही हात धरून."

मनकर्णाला रडू फुटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ती जागी असती तरी त्या गेल्याच असत्या. पलीकडे अडतीस जणी होत्या. ती झोपली म्हणून त्यांतली कुणी गेली नव्हती. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची फार लाजही वाटली.

माणिकबाईने पेजेची वाटी पुढे केली. मनकर्णाने ती संपवली, तोंड पुसलं, उठायला पाय खाली टाकले, आणि मग जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

"मावशी, मी लय थकली वं."

आणि पाय पुन्हा वर घेतले.