निळ्या काचेचा जिना

ती आधी कात्री खाली ठेवायची. मग पोलीस चौकात गाड्या थांबवतो तसा हात वर करायची आणि म्हणायची, "थांबा. आधी डोळे मिटा. उघड्या डोळ्यांना काय दिसतंय?"

भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये आम्ही काही बायका नळात बसणाऱ्या रबरच्या वायसरांची जादा कड कात्रीने कापायचो. टेबलाशी ती माझ्या शेजारी बसायची. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. तुमच्याही कामाच्या जागी अशी एखादी असेल, हात कामात आणि जीव दुसऱ्याच गावात. मावशीचा जीव समुद्राकाठी होता. तिचं माहेर रेवदंड्याच्या बाजूचं. लग्न होऊन इकडे आली तेव्हापासून तिने समुद्र सोडला, पण समुद्राने तिला सोडलं नसावं.

आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. त्यामुळे रविवारची लग्नं चुकतात, पण फिरायला गेलं की गर्दी लागत नाही. मावशीने हे बरोबर हेरलं होतं. दरवर्षी थंडीतल्या एका गुरुवारी ती मिनीबस ठरवायची आणि आम्हाला सहलीला न्यायची. सहल कायम तीच. दोन राजवाडे आणि एक जुनं बंदर.

"गेल्या साली हेच बघितलं की," असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "तू बघितलंस. राजवाड्याने तुला कुठं बघितलंय अजून?"

पहाटे अंधारातच बस निघायची. ड्रायव्हर मोठे दिवे बंद करून एक लहानसा निळा दिवा ठेवायचा. शाली डोक्यावरून घेतलेल्या बायका त्या उजेडात पाण्याखाली बसल्यासारख्या दिसायच्या. ताम्हिणी घाट कधी यायचा आणि कधी जायचा ते कळायचं नाही. जाग यायची ती खाऱ्या वाऱ्याने.

पहिला राजवाडा पाण्यातल्या किल्ल्यात. होडीतून जायचं. राजवाड्याच्या भिंती उभ्या, आत झाडं वाढलेली, वर आभाळ. मावशी हात वर करून सांगायची, इथे दरबार भरायचा, इथे पडदे, इथे अत्तराचा वास.

"छप्पर कुठंय, मावशे?" लातूरकडची एक होती, ती विचारायचीच. आम्ही तिला लातूरवाली म्हणायचो.

"ते तू घाल," मावशी म्हणायची. "सगळं मीच करू काय?"

शेवटी जुनं बंदर, चौल. तिथे तर काहीच नाही. सुपारीच्या बागा, पाटाचं पाणी, बांधलेली गाय. मावशी एका बांधावर उभी राहून सांगायची की इथे लांबलांबच्या देशांची गलबतं लागायची, घोडे उतरायचे, उतरताना घाबरायचे. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या इतिहासात किल्ले होते, लढाया होत्या, पण घाबरलेले घोडे नव्हते. मी डोळे मिटले की मला त्यांचे खूर वाजलेले ऐकू यायचे.

"अन् मग दर्या कुठं गेला?" लातूरवाली.

"गाळ भरला, मागे सरला. बंदरंपण म्हातारी होतात गं."

पण मावशीचा खरा राजवाडा दुसरा. समुद्राकाठच्या टेकडीवरचा. तो कुणा खासगी मालकाचा, फाटकाला कायम कुलूप. आम्ही फाटकाबाहेरूनच बघायचो. तरी मावशी सगळ्यांना चपला काढायला लावायची. देवळात काढतो तशा. मग डोळे मिटून सांगायची, "आत गेलं की जिना. जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी, निळ्या काचांची. दुपारी तिथे उभं राहिलं की पाय निळे होतात."

"तू खरंच आत गेलती का आमाला येड्यात काढायलीस?" लातूरवालीने एकदा विचारलं. सगळ्या हसल्या. मावशीही हसली आणि चपला घालायला लागली.

तिने उत्तर का टाळलं ते मला ठाऊक होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना तिने मला सांगितलं होतं. "तुला सांगते, कारण तुला तोंड नाही," असं म्हणूनच सांगितलं. तिची आई त्या राजवाड्यात फुलांच्या वेण्या द्यायला जायची. एकदा हिला बोट धरून घेऊन गेली. जिन्यावर उभं करून म्हणाली, बघ तुझे पाय. आई पुढे लवकरच वारली. आईचं तोंडही मावशीला आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं, हातातलं बोट आणि निळे पाय. मोठी झाल्यावर तिने काकूला विचारलं, तर काकू म्हणाली, तुझी आई कसली राजवाड्यात जाते, स्वप्न पडलं असेल तुला.

"आता मलाच कळत नाही," मावशी म्हणाली. "काच नसली तर आईपण नव्हती, असं होतं बघ."

एका वर्षी फाटकावर नवा वॉचमन होता. म्हातारा, पायाला पट्टी बांधलेला. आम्हाला चपला काढून उभ्या राहिलेल्या बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. कुलूप काढत तो म्हणाला, "सगळ्या नको. एकीनं जा. जिन्यापर्यंत जायचं अन् परत."

सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या. लातूरवालीने तिला कोपराने ढकललं. "जा की. आता कामून थांबायलीस?"

मावशीने हात वर केला. मला वाटलं ती डोळे मिटा म्हणणार. "ही जाईल," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

मी कधी पुढे होऊन पाणीसुद्धा मागितलेलं नाही. मी नको नको म्हणत होते. तिने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "तुला वाढवून सांगता येत नाही. जा."

आत थंडगार होतं. फरशीवर धूळ, आणि धुळीत माझीच पावलं उमटत होती. सामानावर पांढऱ्या चादरी टाकलेल्या. जिना होता. वळणावर खिडकीही होती, पण तिला आतून फळ्या ठोकलेल्या. निळं काही नव्हतं. बाहेर जाऊन काय सांगू? तशीच उभी राहिले. डोळ्यांना अंधाराची सवय झाली तेव्हा दिसलं, वरच्या कोपऱ्यात एक फळी थोडी सरकलेली होती. तिच्याआड चौकटीला नखाएवढा काचेचा तुकडा धरून राहिला होता. तिथून उजेडाची एक बारीक काडी खाली पायरीवर आली होती. मी तिच्यात पाय ठेवला.

फाटकाबाहेर सगळ्या वाट बघत उभ्या होत्या. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती समुद्राकडे तोंड करून होती.

"काय गं," लातूरवाली म्हणाली, "झाले का पाय निळे?"

एवढ्या जणींसमोर मी कधी बोलले नव्हते. मी माझ्या पायांकडे बघितलं आणि जे झालं ते सांगितलं.

"एक बोट झालं."

बायका हसल्या. लातूरवाली मात्र हसली नाही. तिने माझ्या धुळीने भरलेल्या पायाकडे बघितलं, मग मावशीकडे. मावशी फाटकाच्या दगडावर खाली बसली होती. लातूरवालीने वाकून तिच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायांपाशी नीट जोडून ठेवल्या.

"कुठलं बोट?" मावशीने मला विचारलं.

"अंगठ्याशेजारचं."

तिने मान हलवली. पुन्हापुन्हा हलवत राहिली.

त्या दिवशी चौलला ती बांधावर चढली, पण डोळे मिटा म्हणाली नाही. सुपारीच्या बागेतून वारा येत होता. तिने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "चला. उशीर होईल."

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन मावशी गेली. वर्कशॉप आता चाकणला हललंय. टेबल तेच आणलंय, माझ्या शेजारी नवी मुलगी बसते, कानात वायर घालून. थंडी आली की लातूरवाली मिनीबस ठरवते. फाटकाला पुन्हा कुलूप असतं. लातूरवाली सगळ्यांना चपला काढायला लावते. कुणी का म्हणून विचारलं तर तिला सांगता येत नाही, ती माझ्याकडे बघते.

मला मावशी आठवते ती त्या दिवशीच्या परतीच्या बसमधली. अंधार पडला होता. गाणी म्हणून दमलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. ड्रायव्हरने तो निळा दिवा लावला. मावशी माझ्या शेजारी, तिलाही झोप लागली होती. चपला सीटखाली गेल्या होत्या आणि पाय समोर पसरलेले. आयुष्यभर राबून भेगा पडलेले ते पाय घोट्यापर्यंत निळे दिसत होते. तिला उठवून दाखवावं असं वाटलं. पण झोपेतच तिने माझं बोट धरलेलं होतं, म्हणून मी हलले नाही.