तपासणीच्या दिवशीचे पापड

लातूरचा आमचा प्लॉट आजूबाजूच्या निम्म्या भावात मिळाला होता. आयुष्यभर मी नोकरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासले, पण हा प्लॉट इतका स्वस्त का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मागच्या भिंतीपलीकडे डाळमिल होती. प्लॉटमध्ये वाचलेले पैसे पुढे औषधाच्या दुकानात हप्त्याहप्त्याने गेले.

नवी तूर आली की मिलमधून पिवळसर भुकटी उडू लागते. धुतलेली ताटं जेवायच्या वेळी पुन्हा धुवावी लागतात, आणि आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. ही भुकटी ओढून पोत्यात भरणारं यंत्र मिलमध्ये होतं. नियमात बसावं म्हणून आणलेलं, नारळ फोडून, हार घालून उभं केलेलं. फक्त तपासणीच्या दिवशी ते चालायचं. एरवी हारासकट उभं असायचं.

गेल्या वर्षी बायकोचा दमा इतका वाढला की दोन वाक्यं बोलताना तिला मध्ये थांबावं लागे. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. धूळ टाळायची म्हणजे घर टाळायचं. ती नांदेडला, विष्णुपुरीला बहिणीकडे निघून गेली. तुरीचा हंगाम संपला की येते, म्हणाली. आमचा संसार तुरीच्या आवकेवर चालू लागला.

मी प्रदूषण खात्याकडे रीतसर तक्रार केली. सोबत तक्ता जोडला: औषधं नऊशे, जास्तीचं पाणी सहाशे, नांदेडच्या खेपा आठशे, महिन्याला तेवीसशे रुपये. दीड महिन्याने तपासणीची तारीख ठरली. मला ती कुणी कळवली नाही. कॉलनीतल्या बायकांना मात्र आदल्या दिवशीच कळली, कारण मिलच्या वॉचमनची बायको त्यांच्याकडे धुणीभांडी करते. उद्या मशीन लागणार, हा निरोप तासाभरात घरोघर पोचला.

सकाळी आठला यंत्राची घरघर सुरू झाली. हवा इतकी स्वच्छ, की माझाच माझ्या तक्रारीवर विश्वास बसेना. अधिकाऱ्यांना घेऊन गच्चीवर गेलो, तर गच्ची भरून कुरडया. शेजारच्या वहिनी सोऱ्या घेऊन बसल्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर पापड, सांडगे, शेवया. हंगामातला हा एकच दिवस स्वच्छ, मग बायका तो वाया कशाला घालवतील?

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "भावजी, ताई हितं न्हाईत, तुमची गच्ची मोकळीच हाय की."

अधिकारी वाकून कुरडया पाहत होते. एक उचलून त्यांनी उजेडात धरली, आणि खाली ठेवली ती पाहणीची नोंद करूनच. पुढे अहवाल आला. परिसरात रहिवासी खाद्यपदार्थ उघड्यावर वाळवतात, तक्रारदाराच्या गच्चीवरही तेच आढळलं, सबब तक्रारीत तथ्य नाही.

शेवटी मी मिलमालकांकडे गेलो. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी चहा मागवला, बायकोची तब्येत विचारली आणि खरोखर हळहळले. यंत्र चालवायला महिन्याला नऊ हजारांची वीज लागते, एवढीच त्यांची अडचण होती.

घरी येऊन मी भागाकार केला. कॉलनीत अठरा घरं, घरटी पाचशे. माझे तेवीसशे जातात, त्याऐवजी पाचशे गेले तर अठराशे वाचतात. धूळ त्यांची आणि वीजबिल आमचं, हे मला खटकलं नाही असं नाही. पण आकडा माझ्या बाजूने होता. गणपतीची वर्गणी द्यायला सहा चकरा मारायला लावणाऱ्या घरांनीही ही वर्गणी पहिल्या चकरेत दिली. यंत्र रोज चालू लागलं. हंगाम संपायच्या आत बायको परत आली, आणि जिना चढून वर आल्यावर एका दमात म्हणाली, घराचा पार उकिरडा केला होता तुम्ही.

यंदा पौषात मिलच्या फाटकाशी एक टेम्पो भरताना पाहिला. यंत्रातली भुकटी पोत्यांतून पशुखाद्याला चालली होती. वॉचमनला भाव विचारला. महिन्याचे साडेचार हजार होतात. म्हणजे खरा खर्च उरला साडेचार हजार, घरटी अडीचशे. मी कागद घेऊन अप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"हिशेब येकदम बरोबर हाय, साहेब," ते म्हणाले. "पर मशीन माझी हाय."

दुसऱ्या दिवसापासून घरघर थांबली. मी तत्त्वाला धरून बसलो. चौथ्या दिवशी बायकोने माळ्यावरची बॅग काढायला सांगितली. आता ती पुन्हा मध्ये थांबून बोलत होती.

"अडीचशे वाचले ना तुमचे? बायांना अर्धं तिकीट हाय आता. तेवढ्यात नांदेडला जाऊन... परत बी येईन मी. यायचं ठरलं तर."

बॅग मी माळ्यावरच राहू दिली आणि अठरा घरांचे नऊ हजार अप्पांना नेऊन दिले. पावती मागितली, कारण पावतीशिवाय पैसे देणं मला जमत नाही. डाळमिलला विजेसाठी वर्गणी कशी दाखवायची, असा प्रश्न अप्पांना पडला. मग त्यांनी मिलच्या आवारातल्या महादेवाचं पावतीपुस्तक काढलं. अभिषेकासाठी, सप्रेम भेट. ती पावती मी फाइलला लावली आहे, औषधांच्या बिलांच्या वर.

फाल्गुनात तपासणी पुन्हा आली. अधिकारी तेच. ते गच्चीवर आले तेव्हा बायको कुरडया घालत होती. गच्च्यांवर पापड, हवेत धूळ नाही, असं त्यांनी वहीत लिहिलं. या वेळी नोंद खरी होती. हवा स्वच्छ कशी झाली, हा रकाना वहीत नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तोच बायकोने मान वर केली.

"साहेब, जरा तिकडं सरका," ती म्हणाली. "कुरडयांवर सावली पडून राहिली."